लाल पट्टा वर, वस्ती खाली: माळीण, इरशाळवाडी, तळिये

पहिला दिवस: संगणकापुढे

दरडींचा अभ्यास आणि नकाशा करण्याच्या या सहा दिवसांच्या फेरीचा पहिला दिवस डोंगरात जात नाही, संगणकापुढे जातो. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरडींनी गाडलेल्या तीन जागा एकाच प्रवासात पाहायच्या असतील, तर दरड येण्याआधीचा डोंगर कसा होता हे निघण्यापूर्वीच हाताशी हवं. तिथे पोचल्यावर दिसतो तो फक्त नंतरचा डोंगर.

म्हणून उंचीचा डेटा, म्हणजे डीईएम, निवडताना पिक्सेलच्या आकाराआधी त्याची तारीख पाहावी. एसआरटीएमची, म्हणजे अंतराळयानातल्या रडारने केलेली, मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे. कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचा ३० मीटरचा डीईएम टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०१० अखेर ते २०१५ च्या सुरुवातीपर्यंतच्या मोजणीवर उभा आहे. तळिये आणि इरशाळवाडीसाठी हे दोन्ही 'आधीचे' ठरतात. माळीणसाठी मात्र कोपर्निकसवर डोळे मिटून विसंबू नये, कारण दरड त्या मोजणीच्या काळातच आली. तिथे एसआरटीएमच घ्यावा. '१२.५ मीटर' म्हणून उतरवून घेतला जाणारा आलोस पालसार या जपानी उपग्रह-रडारच्या प्रतिमांसोबतचा डीईएम अनेकांना मोहात पाडतो, पण आपल्याकडे तो एसआरटीएमचेच पिक्सेल बारीक करून बनवलेला असतो. तपशील वाढत नाही, फाइल तेवढी वाढते. शिवाय त्यातली उंची इलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, मोजलेली असते आणि एसआरटीएममधली समुद्रसपाटीच्या पातळीपासून. दोन्ही एकमेकांतून वजा केले की सह्याद्रीत सगळीकडे साठ मीटरहून जास्त फरक दिसतो आणि डोंगर खचल्याचा भास होतो.

डीईएम आला की पहिलं काम प्रोजेक्शनचं, म्हणजे अंशांतला नकाशा मीटरमध्ये आणण्याचं. महाराष्ट्राचा हा पट्टा यूटीएम झोन ४३ उत्तर मध्ये येतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा संकेतांक ईपीएसजी ३२६४३. हे न करता थेट उतार काढला, तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते, आणि सगळा नकाशा ८९-९० अंशांचा होतो. प्रोजेक्शन बदलताना रिसॅम्पलिंग, म्हणजे नव्या पिक्सेलांच्या किमती काढण्याची पद्धत, 'बायलिनियर' किंवा 'क्युबिक' ठेवावं. 'निअरेस्ट नेबर' ठेवलं की उताराच्या नकाशावर उभ्या-आडव्या पट्ट्या उमटतात, आणि नवख्या डोळ्यांना त्या भूगर्भातल्या भेगा वाटतात.

उताराच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे एका साध्या हिशेबात कळतं. उतार काढताना मधल्या पिक्सेलच्या दोन्ही बाजूंची उंची घेतात, म्हणजे ३० मीटरच्या डीईएममध्ये ६० मीटरचं अंतर. वीस मीटरचा ताशीव कडा, वर-खाली सपाटी, तर २० भागिले ६०, म्हणजे उतार अवघा १८ अंश. सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा आहे. लाव्हारसाचे आडवे थर, प्रत्येक थराचा कडा आणि त्याखाली टप्पा. हे टप्पे ३० मीटरच्या डेटात विरघळून एकसलग उतार बनतात. नेमके हेच टप्पे महत्त्वाचे, कारण वरून आलेली मुरूम-माती तिथे साठते आणि वाड्याही तिथेच वसतात.

हिलशेड, म्हणजे ऊन-सावलीने उठाव दाखवणारा नकाशा, एकाच दिशेच्या प्रकाशावर काढू नये. ३१५ अंशांचा नेहमीचा प्रकाश वायव्य-आग्नेय धावणाऱ्या सोंडा आणि घळी पुसट करतो. ४५, १३५, २२५ आणि ३१५ अशा चार दिशांनी काढून आलटूनपालटून पाहावं. मग जुन्या दरडींच्या खुणा दिसू लागतात: डोंगरकुशीतला अर्धगोल खोलगट भाग, त्याखाली फुगलेली, ओबडधोबड जमीन, आणि तिला वळसा घालून गेलेला ओढा.

शेवटी उपग्रहप्रतिमा. सेंटिनेल-२ च्या दहा मीटरच्या प्रतिमांवर वनस्पतींचा निर्देशांक, एनडीव्हीआय, आठव्या (अवरक्त) आणि चौथ्या (लाल) बँडवरून काढायचा आणि आधीच्या वर्षाशी वजाबाकी करायची. तुलना त्याच महिन्याची हवी, जानेवारीची जानेवारीशी. ऑक्टोबरची मेशी केली तर वाळलेलं गवत सगळा डोंगर उघडा पाडतं. तरीही वणव्याने काळे पडलेले उतार, मुरमाच्या खाणी, रस्त्याची नवी कापणी आणि नव्याने केलेली खाचरं दरड म्हणून पुढे येतातच. १५ अंशांखालचे उतार आणि पाच पिक्सेलपेक्षा लहान डाग गाळले की यादी आटोक्यात येते, आणि उरलेला प्रत्येक डाग गुगल अर्थच्या जुन्या प्रतिमांवर डोळ्यांनी तपासायचा. माळीणसाठी सेंटिनेल-२ उपलब्ध नाही, तो जून २०१५ मध्ये अवकाशात गेला. तिथे लँडसॅट-८ च्या ३० मीटरवर, पँक्रोमॅटिक (कृष्णधवल) बँड घेतला तर १५ मीटरवर भागवावं लागतं.

रात्री सगळं क्यूफील्ड या नकाशांच्या अ‍ॅपमध्ये भरून फोनवर घ्यायचं: हिलशेड, १० मीटर अंतराच्या समोच्च रेषा, उतार, संशयित दरडींचे बहुभुज. ऑफलाइनच. घाटमाथ्याच्या दऱ्यांत नेटवर्क मिळेल असं गृहीत धरू नये.

दुसरा दिवस: माळीण

मंचर, घोडेगाव, पुढे डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेने रस्ता माळीणकडे जातो. पावसाळा संपून गवत वाळल्यानंतरचे दिवस यासाठी उत्तम. भेगा आणि पाझराच्या जागा तेव्हाच उघड्या दिसतात. ३० जुलैच्या सकाळी इथे १५१ माणसं गाडली गेली. गाव दिसेनासं झाल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते एसटीच्या चालकाच्या. आता वस्ती जवळच आमडे इथे नव्या जागी आहे आणि मूळ जागा स्मृतिस्थळ आहे. मोजमापाचं सामान घेऊन जाताना हे विसरायचं नाही. आधी ग्रामस्थांना विचारायचं, मगच टेप उलगडायचा.

फोनवर उताराचा नकाशा उघडून इथे उभं राहिलं की या सगळ्या प्रवासाचा मुद्दा समोर येतो. तीव्र उताराचा लाल रंग वर डोंगरात आहे, पायाखाली सौम्य उताराचा हिरवा-पिवळा. जमीन तुटली लाल पट्ट्यात. माणसं गेली हिरव्यात. उताराच्या नकाशावर हिरवं दिसलं की 'सुरक्षित' म्हणण्याची सवय इतकी रुळली आहे, की अहवालांतही तीच चूक उतरते. उताराचा नकाशा दरड कुठे सुटेल हे सांगतो. ती कुठवर येईल याबद्दल तो काहीही सांगत नाही.

मोजणी माथ्यापासून सुरू करावी, पण दरडीच्या चट्ट्यातून चढू नये. बाजूच्या सोंडेवरून वर जायचं. तुटलेल्या कडेपासून आत निदान दोन-तीन मीटर अंतर ठेवायचं आणि त्यामागे नव्या भेगा आहेत का ते आधी पाहायचं. क्यूफील्डच्या फॉर्ममध्ये किमान एवढं असावं: माथ्याचा बिंदू, पायथ्याचा बिंदू, सुटलेल्या भागाची लांबी-रुंदी-खोली, साहित्य (माती, मुरूम, दगडधोंडे), हालचालीचा प्रकार, पाण्याच्या खुणा, जमिनीचा वापर, तारीख आणि तारखेची खात्री किती. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. 'जुलै २०१४, सकाळी' आणि 'त्या पावसाळ्यात कधीतरी' या दोन नोंदींची किंमत पावसाशी ताडताना सारखी नसते.

सुटलेला भाग आणि वाहून आलेला भाग हे दोन वेगळे बहुभुज करायचेच. एकच बहुभुज काढला की पुढे सांख्यिकीचं मॉडेल त्यातले सपाट पायथ्याचे पिक्सेलही 'दरड' म्हणून शिकतं, आणि मग १० अंशांवरही जमीन सुटते असं सांगू लागतं.

घनफळाचा अंदाज सुटलेल्या भागावरून येतो: लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार, त्याला पाय (π) भागिले सहाने गुणायचं. १२० मीटर लांब, ४० मीटर रुंद, ३ मीटर खोल भाग धरला तर साधारण ७,५०० घनमीटर. खोली चुकली की सगळं चुकतं; ती बाजूच्या भिंतीवर दोन-तीन ठिकाणी लेझर अंतरमापकाने घ्यावी. उताराचा कोन क्लिनोमीटरने घ्यावा. दिशेसाठी होकायंत्र वापरताना ते बेसॉल्टच्या दगडावर टेकवू नये, कारण हा खडक स्वतःच चुंबकीय आहे. हातात धरून वाचावं आणि समोरच्या टोकावरून उलटी दिशा घेऊन ताडावं.

माती का घसरते, याचं उत्तर चट्ट्याच्या भिंतीत असतं. वर तांबडी माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण बेसॉल्ट किंवा तांबड्या बोलचा, म्हणजे दोन लाव्हाथरांमधला, चिकणमातीसारखा थर. पाणी वरच्या सच्छिद्र थरांतून झपाट्याने उतरतं आणि खालच्या थरावर अडतं. अडलेलं पाणी किती चढलं की डोंगर सुटतो, याचा एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मातीची जाडी ३ मीटर, उतार ३० अंश, घर्षणकोन ३० अंश, मातीचा चिकटपणा ५ किलोपास्कल आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं, तर कोरड्या स्थितीत सुरक्षा गुणांक (धरून ठेवणारं बल भागिले खाली ओढणारं बल) सुमारे १.२ येतो. तळाच्या खडकावर पाण्याची पातळी साधारण १.२ मीटरपर्यंत चढली की तो १ वर येतो. पुढे घसरण. सगळी माती भिजायची वाटच पाहावी लागत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की नेहमीचा झरा एकाएकी गढूळ झाला, थांबला, किंवा भलत्याच जागी फुटला. गावकऱ्यांना आठवणीने विचारायचा प्रश्न हाच.

तिसरा दिवस: इरशाळवाडी

चौकच्या बाजूने इरशाळगडाचा सुळका दुरूनच दिसतो. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आल्यावर बचावपथकं पायवाटेने वर गेली, जड यंत्रं नेताच आली नाहीत. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. इथे जायचं तर स्थानिक प्रशासनाला विचारूनच, आणि ढिगाऱ्याच्या भागात पाऊल न टाकता. अभ्यासाला समोरची सोंड पुरते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशातल्या दरडप्रवण डोंगराळ भागांचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर तयार केले. भूकोश पोर्टलवर ते पाहता येतात. हे काम मोठं आहे आणि त्याचा उपयोग आहेच. पण त्या प्रमाणावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. दोनशे मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद वाडी त्या नकाशावर ४ बाय २ मिलिमीटरची होते. कुठला तालुका, कुठली डोंगररांग आधी तपासायची हे तो नकाशा सांगतो. कुठलं घर हलवायचं हे त्याला विचारू नये. त्यासाठी १:१०,००० किंवा त्याहून मोठा नकाशा आणि पायपीट लागते.

समोरच्या सोंडेवरून आज मोजायचा आहे तो पोचकोन: दरडीच्या माथ्यापासून पायथ्याच्या शेवटच्या टोकापर्यंतची उंची भागिले त्यांच्यातलं आडवं अंतर, यावरून निघणारा उताराचा कोन. उंची १५० मीटर आणि अंतर ४०० मीटर असेल तर कोन साधारण २०.५ अंश. एकाच खोऱ्यातल्या सात-आठ दरडींचे असे कोन जमले की त्यातला सर्वांत लहान कोन हाताशी ठेवावा. नकाशावरच्या प्रत्येक धोक्याच्या उतारावरून त्या कोनाची रेषा खाली सोडली की ती जिथे जमिनीला टेकते तिथवर दरड पोचू शकते. दरड घळीत शिरली तर पाणी मिसळून ती आणखी पातळ होते आणि पुढे जाते, म्हणून घळीतल्या दरडींचे कोन वेगळ्या गटात ठेवायचे. हे काम सगळ्या डोंगरासाठी एकदम करायला सागा जीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमधलं 'ग्रॅव्हिटेशनल प्रोसेस पाथ' साधन आहे. त्याला डीईएम, सुटणाऱ्या पिक्सेलचा रास्टर (पिक्सेलांचा नकाशा) आणि हा कोन द्यायचा. डीईएममधले खोटे खड्डे आधी भरून घेतले नाहीत तर वाटा अर्ध्यावरच थांबू शकतात आणि धोका मुळात आहे त्याहून कमी दिसतो.

चौथा दिवस: महाडकडे

हा दिवस रस्त्याचा. पाली, माणगाव, महाड. वाटेत रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरकडा दिसत राहतात. त्यांच्यावरच्या पडझडीची नोंद वेगळ्या लेयरमध्ये करायची, नैसर्गिक उतारांवरच्या दरडींत मिसळायची नाही. कापणीमुळे पडलेली दरड उताराचा स्वभाव सांगत नाही, रस्त्याचा सांगते. दोन्ही मिसळल्या की मॉडेल 'रस्त्यापासूनचं अंतर' हाच सर्वांत मोठा घटक ठरवून मोकळं होतं.

संध्याकाळ पावसाच्या आकड्यांसाठी. हवामान खात्याची २४ तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते. तळियेची दरड २२ जुलैला दुपारनंतर आली, म्हणून तिचा पाऊस २३ जुलैच्या आकड्यात शोधायचा. इरशाळवाडीचा २० जुलैच्या. माळीणची दरड मात्र साडेआठच्या आधीची, तेव्हा तारीख तीच, ३० जुलै. एवढी गोष्ट सांभाळली नाही तर 'पाऊस कमी असतानाही दरड आली' असे निष्कर्ष निघतात. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता.

दरड सुटायला किमान किती पाऊस लागतो, यासाठी जगभर वापरलं जाणारं केनचं १९८० चं सूत्र म्हणतं: तासाला १४.८२ मिलिमीटर, गुणिले कालावधीच्या तासांचा उणे ०.३९ घात. चोवीस तासांसाठी हे दिवसाला साधारण १०३ मिलिमीटर येतं. घाटमाथ्यावर एका पावसाळ्यात असे दिवस कितीतरी येतात. या उंबरठ्यावर इशारा द्यायचा ठरवला तर तो रोजचा होईल आणि चार दिवसांत कोणी ऐकणार नाही. इथे उंबरठा स्थानिकच काढावा लागतो, आणि त्या दिवसाच्या पावसासोबत आधीच्या तीन, सात आणि पंधरा दिवसांचा साठा धरून. उपग्रहावरून काढलेला पाऊस घाटात बऱ्याचदा कमी भरतो. जवळचं पर्जन्यमापक केंद्र सापडलं तर तेच घ्यावं. मात्र ते घाटाच्या वर आहे की खाली हे पाहावं. दहा-पंधरा किलोमीटरांत पाऊस निम्मा होऊ शकतो.

पाचवा दिवस: तळिये

महाडहून वरंधा घाटाच्या दिशेने तळिये. महाड तालुक्याला दरडी नव्या नाहीत. जुलै २००५ मध्ये जुई आणि दासगाव याच तालुक्यात गाडले गेले. जुन्या दरडींची यादी हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित डेटा आहे, म्हणून सकाळी त्या जागांचे बिंदूही घ्यायचे.

तळियेला ड्रोन. ड्रोनच्या नियमांतल्या हरित क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीची गरज नसते, पण नोंदणी लागते आणि क्षेत्र कुठलं हे डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवर त्याच दिवशी पाहावं लागतं. वनहद्द असेल तर वनखात्याची संमती वेगळी. नेमकी गडबड होते ती उंचीची. पायथ्याहून उडवून '१०० मीटर' ठेवलं आणि डोंगर १५० मीटर चढला, तर ड्रोन थेट डोंगरावर आदळतो. आदळला नाही तरी वरच्या भागात जमीन जवळ येत जाते, फोटोंची एकमेकांवरची व्याप्ती घटते, आणि नेमका माथाच प्रतिमांच्या जोडणीत फाटतो. उड्डाणाची योजना डीईएमला जोडून जमिनीचा चढ धरूनच आखावी. पुढची व्याप्ती ८०, बाजूची ७० टक्के. एक इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याला १०० मीटरवरून पिक्सेल साधारण पावणेतीन सेंटिमीटरचा मिळतो. माथ्याचा उभा कडा तिरक्या फोटोंशिवाय येत नाही, म्हणून कॅमेरा ४५ अंशांवर ठेवून एक फेरी वेगळी मारायची.

जमिनीवर आठ खुणा, माथा ते पायथा विखुरलेल्या, आरटीकेने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) मोजलेल्या. त्यातल्या तीन जुळणीत वापरायच्या नाहीत. तपासायला राखून ठेवायच्या. सगळ्या खुणा पायथ्याच्या सपाटीवर ठेवल्या की मॉडेल वरच्या बाजूला वाकतं आणि चूक कुठल्याच आकड्यात दिसत नाही. गवत कमरेएवढं असेल तर ड्रोनचा डीईएमही तेवढाच वर असतो. चार सेंटिमीटरची भेग त्यात शोधू नये. ती पायी जाऊनच दिसते.

सहावा दिवस: नकाशा पुरा करणं

परतल्यावर फ्रीक्वेन्सी रेशोपासून, म्हणजे दरडींचा वाटा भागिले क्षेत्राचा वाटा या साध्या गुणोत्तरापासून, सुरुवात करावी. मशीन लर्निंग नंतर. एखाद्या उतारगटात क्षेत्राचे १२ टक्के पण दरडींचे ३० टक्के पिक्सेल असतील तर त्याचा गुणांक २.५. उतार, वक्रता, थर, जमिनीचा वापर, ओढ्यापासूनचं अंतर, प्रत्येकाचे गुणांक काढून बेरीज. हे हाताने तपासता येतं, म्हणून चूक लगेच सापडते. तपासणीसाठी दरडी खोऱ्याप्रमाणे वेगळ्या काढाव्यात. सरसकट विखरून निवडल्या तर शेजारशेजारचे पिक्सेल दोन्ही बाजूंना जातात आणि अचूकता फुगते.

त्यानंतर दुसरा नकाशा, पोचकोनावरचा, आणि त्यावर घरांचे ठिपके. हे दोन नकाशे एकाच रंगपट्टीत मिसळायचे नाहीत. पहिल्यावर 'इथे सुटू शकते', दुसऱ्यावर 'इथवर येऊ शकते' असं स्वच्छ मराठीत लिहायचं, खाली डीईएमचं वर्ष, पिक्सेलचा आकार आणि नकाशाचं प्रमाण.

ग्रामपंचायतीला द्यायची प्रत १:५,००० प्रमाणावर, ओढे आणि वाड्यांची गावातली नावं घालून, मोठ्या कागदावर छापलेली. डीईएम ३० मीटरचा असेल तर दोन्ही पट्ट्यांच्या कडा धूसर ठेवायच्या, कारण तिथे एका घराचा फरक डेटातून ठरत नाही. माथ्यामागच्या प्रत्येक भेगेला त्या प्रतीवर क्रमांक द्यायचा. जागेवर भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी गजाचे खुंट ठोकून त्यांच्या माथ्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवायचं. मोजणी मेअखेर एकदा, मग पावसात जाता येईल तेव्हा आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच माणसाने आणि एकाच टेपने. अंतर सलग दोन वेळा वाढलं, तर त्या भेगेखालच्या पोचपट्ट्यातली घरं पावसाचा आकडा येण्याची वाट न पाहता रिकामी करायची, आणि कुठे जायचं ती जागा नकाशावर आधीच दाखवलेली हवी: पोचपट्ट्याच्या बाहेर, घळीच्या तोंडापासून दूर.